तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेली आई : साने गुरुजींची गोष्ट
'श्यामची आई' लिहिणाऱ्या पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घरात गरिबी, पण आई यशोदाबाईंची माया अपार.

पुस्तकात एक आठवण आहे. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो. आई चक्क स्वतःचं लुगडं पसरते, आणि मनही असंच जपायला सांगते.

१९१७ मध्ये आई गेली. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाची शेवटची भेट झालीच नाही.

१९३३ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला हा कैदी नाशिकच्या तुरुंगात लिहायला बसला. अवघ्या पाच दिवसांत आईच्या आठवणी कागदावर उतरल्या.

त्यावरच्या आचार्य अत्रे यांच्या सिनेमाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते पाहायला मात्र गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजीच त्यांचं निधन झालं होतं.