हिशेबाच्या वह्या वाचणारे न्यायमूर्ती

राजूर, वणी वा यवतमाळच्या पक्षकाराला वरच्या न्यायालयात दाद मागायची, तर नागपूरचीच वाट धरावी लागे. नागपूर उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी व्हिव्हियन बोस तेथे न्यायाधीश झाले. वऱ्हाडातील शेतजमिनींचे दावे ऐकणाऱ्या या न्यायमूर्तींच्या वाट्याला उतारवयात मात्र देशातील बड्या भांडवलदारांचे शेअर व्यवहार आले.

बोस यांचा जन्म १८९१ मध्ये अहमदाबादचा. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे त्यांचे आजोबा. केंब्रिजमध्ये शिकून बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी नागपुरात वकिली केली, विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९४९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयात होते. छायाचित्रण आणि स्काउट चळवळ यांत रमणारा हा माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसता, तर नवल नव्हते.

पण १९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातले शेअर विकत घेतले. बाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असा खुलासा झाला. न्या. छागला यांच्या आयोगाने तो फेटाळला. बाजार सावरायचा, तर एकाच माणसाचे, तेही फुगवलेल्या भावाचे शेअर कशासाठी? त्यात पैसा होता तो सामान्य विमेदारांचा. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. अधिकाऱ्यांची चौकशी बोस यांच्या मंडळाकडे आली. मुंध्रांकडून काँग्रेसला मिळालेल्या देणग्यांकडे मंडळाने बोट दाखविल्यावर पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्या बुद्धीवर शंका घेणारे उद्गार काढले. वकीलवर्गात संताप उसळला आणि १९५९ मध्ये नेहरूंनी दिलगिरी व्यक्त केली.

दालमिया-जैन समूहाची चौकशी याहून किचकट. न्या. तेंडोलकर यांच्या निधनानंतर ती बोस यांच्याकडे आली. एकेक कंपनीची वही सुटी पाहिली, तर सारे बिनचूक दिसे. पैशाचा माग एका कंपनीतून दुसरीत, तिथून तिसरीत काढला, एकाच समूहात शेअर कोणत्या भावाने फिरले हे ताडून पाहिले, की भागधारकांचा पैसा कुठे मुरला ते उमगे. कित्येक वह्या मात्र हाती लागल्याच नाहीत.

आयोग नेमला १९५६ मध्ये, अहवाल आला १९६२ मध्ये. हा विलंब अपराध्यांच्याच पथ्यावर पडणारा होता. शिवाय आयोगाला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. रामकृष्ण दालमिया यांना झालेली कैद भारत इन्शुरन्सच्या स्वतंत्र खटल्यातली. अहवालाचे फळ वेगळे होते. त्यातील निष्कर्षांवर दफ्तरी-शास्त्री समितीने विचार केला आणि १९६३ व १९६५ मध्ये कंपनी कायदा बदलला.

बोस यांचे निधन १९८३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी झाले.