टेनिसची राणी : सुझान लेंग्लेन

खेळून पैसे मिळवणे हे एके काळी टेनिसच्या जगात कमीपणाचे मानले जात असे. जो केवळ आवडीखातर खेळे तो हौशी, आणि जो खेळाचे वेतन घेई तो धंदेवाईक. विंबल्डनसारख्या मानाच्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. धंदेवाईकाने श्रीमंतांच्या क्लबात नोकरी करावी, सभासदांना खेळ शिकवावा, त्यांच्या सरावासाठी तासन् तास चेंडू टोलवावेत आणि आपला पगार घेऊन घरी जावे, अशीच सर्वांची अपेक्षा असे. धंदेवाइकांच्या स्वतःच्या स्पर्धा फार थोड्या. त्यांना ना मान, ना मोठा प्रेक्षकवर्ग. अशा या दुय्यम मानलेल्या वर्तुळात जगातील सर्वश्रेष्ठ स्त्री-खेळाडूने १९२६ साली आपण होऊन पाऊल टाकले, तेव्हा युरोप व अमेरिकेतील क्रीडाजगत हादरून गेले. त्या खेळाडूचे नाव सुझान लेंग्लेन.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिस येथे झाला. तिचे वडील चार्ल्स लेंग्लेन हे सुखवस्तू गृहस्थ होते. हिवाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरी राहावयास जाई. सुझान लहानपणी अशक्त होती; तिला दम्याचा विकार होता. मोकळ्या हवेत खेळल्याने मुलीची प्रकृती सुधारेल या हेतूने वडिलांनी तिला १९१० साली एक रॅकेट आणून दिली. थोड्याच दिवसांत मुलीच्या हातातील कौशल्य त्यांच्या ध्यानात आले, आणि मग प्रकृतीचा प्रश्न मागे पडून तिला खेळात निष्णात करण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

चार्ल्स लेंग्लेन स्वतः मोठे खेळाडू नव्हते. पण त्यांची नजर तीक्ष्ण होती. नीस व आसपासच्या क्रीडांगणांवर हिवाळ्यात नामवंत खेळाडू येत. त्यांचे खेळ ते बारकाईने पाहत. स्त्रियांनी मंद व सावध खेळ करण्याऐवजी पुरुषांप्रमाणे धावून, जाळ्याजवळ येऊन जोरकस फटके मारावेत, असे त्यांचे मत झाले. ते क्रीडांगणावर एखादा हातरुमाल अंथरीत आणि सुझानने त्यावर नेमका चेंडू टाकावा असे सांगत. ते साधले की रुमालाची घडी घालून तो लहान करावयाचा, पुन्हा जागा बदलावयाची, पुन्हा टोले. रुमालाच्या जागी कधी नाणेही येई. चूक झाली की चारचौघांत बोलणी बसत. या शिस्तीने सुझानच्या फटक्यांत विलक्षण अचूकपणा आला. परंतु हरण्याची भीती आणि मनाचा हळवेपणाही त्याच शिस्तीने तिच्या ठिकाणी रुजवला, असे म्हणावे लागते. पंधरावा वाढदिवस नुकताच झाला असता, १९१४ साली, पॅरिसजवळील सँ-क्लू येथे तिने कठीण क्रीडांगणावरील जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध पेटले व सर्व स्पर्धा बंद पडल्या.

युद्ध संपल्यावर १९१९ साली सुझान प्रथमच विंबल्डनला गेली. अंतिम सामन्यात तिची गाठ पडली ती डॉरोथिया लँबर्ट चेंबर्स या इंग्लिश बाईंशी. त्या सात वेळा विंबल्डन जिंकलेल्या, वयाने चाळीस वर्षांच्या, धीरगंभीर. तर सुझान वीस वर्षांची. सामना पाहण्यास बादशहा पाचवे जॉर्ज व राणी मेरी हजर होती. चेंबर्सबाईंचा झगा घोट्यापर्यंत लांब व पूर्ण बाह्यांचा होता. सुझानचा झगा पोटरीपर्यंतच येणारा, बाह्या आखूड, आणि आत कमर आवळून धरणारा तंग पट्टाही नव्हता. अशा पोशाखामुळे तिला मोकळेपणाने धावता येई, उडी घेता येई. कित्येक प्रेक्षकांना तो पोशाख अमर्याद वाटला. पण पुढे काही वर्षांतच स्त्री-खेळाडूंनी तोच उचलला.

पहिला सेट सुझानने १०-८ असा जिंकला, दुसरा चेंबर्सबाईंनी ६-४ असा घेतला. तिसऱ्या सेटमध्ये सुझान ४-१ अशी पुढे गेली, आणि तेथून तिचे बळ ओसरू लागले. प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांनी ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे टाकले. ते खाऊन ती पुन्हा उभी राहिली. तोवर चेंबर्सबाई ६-५ अशा पुढे गेल्या होत्या व त्यांना केवळ एक गुण हवा होता. तो मिळवण्याच्या दोन संधी त्यांच्या हाती होत्या. पहिल्या वेळी सुझानची रॅकेट चेंडूपर्यंत कशीबशी पोहोचली. चेंडू तारांना न लागता रॅकेटच्या लाकडी कडेला लागला आणि जाळ्यावरून पलीकडे जाऊन पडला. दुसऱ्या वेळी मात्र दैवाचा प्रश्न नव्हता. तिने कडेच्या रेषेलगत एक नेमका फटका मारला. अखेर ९-७ असा तो सेट तिने जिंकला. दोघींनी मिळून ४४ डाव खेळले होते.

त्या दिवसापासून सुझानची कीर्ती सर्वत्र पसरली. १९१९ ते १९२३ अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा १९२५ साली विंबल्डनचे एकेरी विजेतेपद तिने मिळवले. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत तिला एकेरीचे व मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक लाभले. तिचा खेळ पाहण्यास इतकी गर्दी लोटू लागली की विंबल्डनची जुनी जागा अपुरी पडली. १९२२ साली ती स्पर्धा नव्या, विस्तीर्ण जागेत गेली, त्याचे बरेचसे श्रेय सुझानकडे जाते. डोक्याला रंगीत रेशमी पट्टी बांधून, नर्तकीसारखी पदन्यास करीत ती क्रीडांगणावर वावरे. युद्धानंतरच्या हौशी कारकिर्दीत एकेरीत ती एकदाच हरली. १९२१ साली अमेरिकेत मोला मॅलरी हिच्याविरुद्ध पहिला सेट गमावल्यावर खोकल्याने बेजार होऊन तिने सामना सोडला, आणि प्रेक्षकांनी तिची हेटाळणी केली. पराभव सोसण्याचा गुण तिच्या अंगी नव्हता, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे.

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी कान्स येथे तिचा सामना अमेरिकेच्या हेलन विल्सशी झाला. हेलन वीस वर्षांची विद्यार्थिनी होती. सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांनी वाटेल ती किंमत मोजली. ज्यांना ती मिळाली नाहीत ते झाडांवर व आसपासच्या घरांच्या छपरांवर चढून बसले. सुझानने पहिला सेट ६-३ असा घेतला. दुसऱ्यात ती विजयाच्या उंबरठ्यावर असता चेंडू बाहेर गेल्याची आरोळी ऐकू आली. दोघी सामना संपला असे समजून जाळ्याशी आल्या, हस्तांदोलन झाले, फुलांचे गुच्छ पुढे आले. इतक्यात रेषेवरील पंचाने येऊन सांगितले की ती आरोळी आपली नव्हे, प्रेक्षकांतील कोणाची तरी आहे; चेंडू आतच पडला होता. सामना पुन्हा सुरू झाला. हाती आलेला विजय असा निसटल्यावर कोणाचेही मन खचले असते. सुझान हळव्या मनाची होती, तरीही तिने तो सेट ८-६ असा जिंकला, आणि मग मात्र ती बाकावर कोसळून रडू लागली.

या एका सामन्यावर व्यवस्थापकांनी, हॉटेलवाल्यांनी व वर्तमानपत्रांनी पैसा केला. ज्या दोघी खेळल्या त्यांना नियमाप्रमाणे काहीही मिळावयाचे नव्हते. हौशीपणाचा हा नियम कागदावर शुद्ध दिसे. पण प्रत्यक्षात प्रवासखर्चाच्या नावाखाली नामवंत खेळाडूंना गुपचूप पैसे दिले जात, हे सर्वांना ठाऊक होते. इकडे सुझानच्या वडिलांची प्रकृती ढासळली होती, फ्रँकची किंमत घसरत होती, आणि घरचा आधार पूर्वीसारखा राहिला नव्हता.

त्याच वर्षी विंबल्डनला एक दुर्दैवी प्रसंग घडला. सामन्यांच्या वेळेविषयी गैरसमज होऊन सुझान उशिरा पोहोचली, आणि तिचा खेळ पाहण्यास आलेल्या राणी मेरीला ताटकळत बसावे लागले. वर्तमानपत्रांनी तिच्यावर टीकेचा भडिमार केला. कालपर्यंत टाळ्या वाजवणारे प्रेक्षक थंडपणे पाहू लागले. सुझानने स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यानंतर ती विंबल्डनला कधीच खेळली नाही.

ऑगस्टमध्ये तिने सी. सी. पाइल या अमेरिकन व्यवस्थापकाशी पन्नास हजार डॉलरांचा करार केला. फ्रान्समध्ये व इंग्लंडमध्ये मोठा गहजब झाला. विंबल्डनच्या क्लबाने तिचे सन्माननीय सभासदत्व काढून घेतले. सुझानने आपली बाजू स्पष्टपणे मांडली. बारा वर्षांत आपल्या खेळामुळे इतरांना लाखो फ्रँक मिळाले, आपण मात्र स्पर्धांची प्रवेश-फी भरीत आलो. ज्याला पोटासाठी काम करावे लागते त्याने खेळात कधी श्रेष्ठ होऊच नये काय, असा तिचा सवाल होता. या सवालाला त्या वेळच्या धुरीणांपाशी समाधानकारक उत्तर नव्हते.

९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याचा प्रारंभ झाला. तिची प्रतिस्पर्धी होती मेरी ब्राउन. ती तीन वेळा अमेरिकेची विजेती झाली होती, पण आता पस्तीस वर्षांची होती. पुरुषांत ऑलिंपिक विजेता व्हिन्सेंट रिचर्ड्स होता. रात्री एका शहरी खेळावे, आगगाडीत बसावे, दुसऱ्या शहरी उतरावे, पुन्हा तोच सामना त्याच प्रतिस्पर्ध्याशी. संयुक्त संस्थाने, कॅनडा, क्यूबा असा तो प्रवास झाला. सुझान व मेरी ब्राउन यांचे अडतीस सामने झाले आणि अडतीसही सुझानने जिंकले. या विजयांना चषक नव्हता, किताब नव्हता. प्रेक्षक तिकीट काढून राणीला पाहावयास येत. निकालाची उत्कंठा फारशी कोणाला नसे. लहानपणापासून जिंकण्यासाठीच घडवलेल्या खेळाडूला हे जिणे किती थकवणारे असेल, याची कल्पना करता येते. १९२७ च्या फेब्रुवारीत दौरा संपला. पुढे इंग्लंडमध्ये तिने असेच काही सामने केले आणि मग स्पर्धात्मक खेळ सोडला.

तिच्या मागून इतर खेळाडू मात्र त्या वाटेने गेले. १९२७ सालीच अमेरिकेत धंदेवाइकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली व रिचर्ड्स तिचा पहिला विजेता ठरला. पुढील चाळीस वर्षे जगातील कित्येक उत्तम पुरुष-खेळाडू विंबल्डन जिंकून धंदेवाईक होत आणि त्यानंतर त्यांना त्याच क्रीडांगणाचे दार बंद होई. मग गावोगावच्या सभागृहांत जमिनीवर जाड कापड ताणून त्यावर ते रात्री खेळत, आणि खेळ संपला की ते कापड गुंडाळून पुढच्या गावचा रस्ता धरीत.

सुझानने अखेरची वर्षे शिकवण्यात घालवली. पॅरिस येथे तिने टेनिसची शाळा चालवली व खेळावर पुस्तकेही लिहिली. जिला हरणे कधी सोसले नाही, ती आता मुलांच्या चुका सुधारीत बसे. १९३८ च्या उन्हाळ्यात रक्तक्षयाच्या विकाराने ती आजारी पडली. २ जुलै रोजी हेलन विल्सने आठव्यांदा विंबल्डन जिंकले. ४ जुलै रोजी सुझानचे निधन झाले. तेव्हा तिला चाळिसावे वर्ष चालू होते. पॅरिसच्या रोलां गारोस क्रीडांगणावरील एका मोठ्या प्रेक्षागाराला १९९७ साली तिचे नाव देण्यात आले.

हौशी व धंदेवाईक हा भेद विंबल्डनने मोडला तो १९६८ साली, तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. त्या वर्षी पुरुष विजेता रॉड लेव्हर याला दोन हजार पौंडांचे पारितोषिक उघडपणे देण्यात आले, आणि स्त्रियांची विजेती बिली जीन किंग हिला साडेसातशे पौंडांचे.