मुक्तीची वाट

पुणे-दौंड लाइनवर केडगाव नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. बऱ्याच गाड्या तिथे थांबतही नाहीत. पण या गावात एका बाईने जे उभं केलं, ते वाचून मी तरी थक्क झालो!

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकणं पाप मानलं जाई, त्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण, सगळे गेले. उरलेली बहीण-भावंडं पायी भटकत 1878 साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. वय 23, पदरात तान्ही मनोरमा!

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजला ख्रिस्ती सिस्टर्सच्या मठात राहिल्या. समाजाने टाकलेल्या बायकांना या सिस्टर्स जवळ करतात, त्यांची सेवा करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि त्या हलल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चच्या वडीलधाऱ्यांचं सगळंच त्यांनी मान डोलावून ऐकलं असं नाही. न पटलेल्या गोष्टींवर त्या सरळ वाद घालत.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ निघालं. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई इथल्याच विद्यार्थिनी. सदन पुण्याला आल्यावर मात्र 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. ते पालक चुकीचेच होते, असं मी म्हणणार नाही. त्यांची भीती खरी होती. पण रमाबाईंनी ना काम सोडलं, ना श्रद्धा लपवली.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमार स्वतः भोगलेली ही बाई तिथून शेकडो मुली केडगावला घेऊन आली. तेच ‘मुक्ती सदन’. तिथे विणकाम, शेती, छापखाना, सगळं मुलीच चालवत. आपण ज्याला वर्कशॉप म्हणतो ना, तेच! तिथेच प्रार्थनेसाठी जमणारी मोठी मंडळी तयार झाली. ज्यांचं कुणीच नव्हतं, त्यांना माणसं मिळाली.

उतारवयात बायबलच्या मराठी भाषांतरासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले.

मी ख्रिस्ती नाही. पण मला वाटतं, धैर्य एकट्याने येत नाही. ते कुणीतरी जवळ केल्याने येतं आणि मग आपण दुसऱ्याला जवळ केलं की टिकतं. होस्टेलवर शेजारच्या रूममधला कुणी चार दिवस मेसला दिसला नाही, तर जरा दार वाजवून बघा. एवढं तर आपल्याला जमेल ना?