पस मॉथच्या पंखांवर जे.आर.डी.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात जे.आर.डी. टाटा यांचे नाव निघाले की आठवतात ते टेल्कोचे ट्रक. १९४५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी त्यांच्याच कारकिर्दीत, साठच्या दशकात पिंपरीत आली आणि २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली. स्वतः जे.आर.डी. मात्र चाकांपेक्षा पंखांत अधिक रमले.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. आई फ्रेंच होती. उत्तर फ्रान्समधील समुद्रकिनाऱ्यावर टाटा कुटुंब सुटी घालवी, तेथे शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणाऱ्या या शेजाऱ्यामुळे मुलाला आकाशाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते भारतातून इंग्लंडकडे निघाले, तर तरुण अस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या या प्रतिस्पर्ध्याला जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे प्लग दिले. पारितोषिक अस्पींनी जिंकले.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या पहाटे कराचीहून टपाल घेऊन ते निघाले ते पस मॉथ या लहानशा विमानातून. त्याआधीच्या अनेक विमानांना एकावर एक असे दोन पंख असत आणि ते तारांनी एकमेकांना बांधलेले असत. पस मॉथला वर एकच पंख होता आणि त्याला खालून तिरप्या दांड्यांचा आधार होता. तारा गेल्याने हवेचा अडथळा घटला. इतका की, उतरताना विमानाचा वेगच लवकर कमी होईना. त्यासाठी चाकांच्या दांड्यांवरील आवरणे आडवी फिरवून त्यांचा हवेतील ब्रेकसारखा उपयोग करण्याची सोय ठेवली होती.

पंख उचलतो तो येणाऱ्या हवेला खाली वळवून. वेग दुप्पट झाला तर तोच पंख त्याच कोनात चौपट उचल देतो. कोन वाढवला की उचल आणखी वाढते. मात्र ठरावीक मर्यादेपुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही आणि उचल एकाएकी घटते. धोका आणखीही एक असतो. वेगात असताना खालून वाऱ्याचा झोत आला की हा कोन क्षणात वाढतो आणि पंखावरचा भार अचानक वाढतो. १९३० पासून काही पस मॉथ विमानांचे पंख हवेतच मोडले होते, माणसे दगावली होती. पुढे तपासात दोष आढळला तो आधाराच्या पुढच्या दांडीत. खवळलेल्या हवेत ती वाकू शकत होती. लहान जोडदांडी देऊन ती भक्कम करण्यात आली.

ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने, रेडिओशिवाय जे.आर.डी. अहमदाबादला उतरले. तेथे इंधन आले बैलगाडीतून! दुपारी ते जुहूच्या धावपट्टीवर पोहोचले. पुढे मद्रासपर्यंतचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. ही सेवा सुरू करण्यासाठी पाठपुरावा करणारेही तेच. या सेवेतूनच १९४६ मध्ये एअर इंडिया आकाराला आली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तरी जे.आर.डी. अध्यक्षपदी राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना दूर केले. ही गोष्ट त्यांना फार लागली, आणि ते स्वाभाविकच होते.

१९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. या वेळीही विमान ते स्वतःच चालवत होते. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.