नामदार गोखले : सरकारकडे हिशेब मागणारा शिक्षक

आपल्या कोकणस्थ समाजात जी थोर माणसे होऊन गेली त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपण अभिमानाने उच्चारतो. परंतु त्यांनी नेमके काय केले असे घरातील एखाद्या मुलाने विचारले, तर महात्मा गांधींचे राजकीय गुरू आणि मवाळ पक्षाचे पुढारी, या दोन उत्तरांपलीकडे आपल्यापैकी फार थोड्यांना जाता येईल. त्यांच्या आयुष्यातील सुमारे पंधरा वर्षे कायदेमंडळात सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारण्यात आणि राज्यकारभाराचा हिशेब मागण्यात गेली. त्या कार्याचा अल्प परिचय या स्मरणिकेच्या द्वारे बंधुभगिनींस करून द्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, आजच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती ओढगस्तीची होती. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये ते निवर्तले तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. अशा त्यागावर शिकून गोपाळराव १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे पैशाच्या मार्गाला न लागता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद या नात्याने त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालत असे.

सार्वजनिक कार्यात त्यांचे गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. सरकारी अहवाल कसे वाचावेत, त्यांतील आकडे एकमेकांशी कसे ताडून पाहावेत, अर्जात एकही शब्द निराधार कसा असू नये, हे सर्व शिक्षण रानड्यांनी त्यांना दिले. तरीही १८९७ साली एक कठीण प्रसंग आलाच. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले असता, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तेथे सांगितले. परत आल्यावर तो आरोप पुराव्याने सिद्ध करता येईना, म्हणून त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल देशात त्यांची पुष्कळ निंदा झाली. पुढील आयुष्यात पुराव्याची जी कसोशी त्यांनी पाळली तिच्यामागे या प्रसंगाचा चटका असलाच पाहिजे.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. १९०१ साली शेतसारा कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना तिच्या विक्रीवर बंधन घालण्याचा त्यात डाव होता. लोकमत अजमावल्यावाचून हे बिल पुढे रेटले जाते असे पाहून सर फिरोजशहा मेहता यांच्यासह गोखले व इतर काही सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. पुढे फिरोजशहांची वरिष्ठ कायदेमंडळातील जागा रिकामी झाली आणि तीवर गोखल्यांची निवड झाली. १९०२ पासून १९१५ मध्ये निधन होईपर्यंत ते तेथे सभासद होते.

त्या काळचे कायदेमंडळ म्हणजे आजची लोकसभा नव्हे. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. अर्थ, लष्कर, गृह ही खाती सांभाळणारे कार्यकारी मंडळाचे सभासद हेच त्या वेळचे मंत्री. परंतु त्यांची नेमणूक इंग्लंडातून होत असे आणि लोकप्रतिनिधींना त्यांना खाली खेचता येत नसे. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची सवलत मिळाली होती, पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. उत्तर असमाधानकारक असले तरी पूरक प्रश्नाची सोय नव्हती. ती १९०९ च्या सुधारणांनी मिळाली. मताचे बळ नसलेल्या सभासदाजवळ अभ्यासावाचून दुसरे साधन ते कोणते असणार?

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. अर्थसचिव सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती आणि अशा वेळी अभिनंदन करण्याचा शिरस्ता होता. गोखल्यांनी अभिनंदन करण्याचे नाकारले आणि हिशेब मांडला. रुपयाचा भाव घसरला तेव्हा विलायतेस पाठवावयाच्या रकमेत येणारी तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले होते. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, तूट गेली, पण कर मात्र कायम राहिले. ही शिल्लक सुबत्तेची नसून जादा कराची आहे. लागोपाठच्या दुष्काळांनी पिचलेली रयत मणामागे अडीच रुपये मिठाचा कर भरते आणि सरकार शिल्लक मिरविते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. दरवर्षी त्यांनी हाच पाठपुरावा चालविला. मिठावरील कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल; पण तो आवाज सरकारला ऐकू गेला नाही असे कोण म्हणेल?

या भाषणांमागे आणखी एका शिक्षकाचे परिश्रम होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष वाटते. सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर असलेले गणेश व्यंकटेश जोशी हे अर्थविषयक आकड्यांचे मोठे जाणकार होते. गोखले त्यांना पत्रे लिहून आकडे मागवीत आणि आपली मांडणी तपासून घेत. कलकत्त्याच्या भव्य सभागृहात जे ऐकू आले त्याची पूर्वतयारी अशी गाजावाजा न करणाऱ्या हातांनीही झालेली होती.

गोखल्यांनी लष्करावरील वाढत्या खर्चाचा जाब विचारला, वरिष्ठ नोकऱ्यांत हिंदी लोकांना जागा का नाहीत असे विचारले आणि १९०४ च्या सरकारी गुपितांच्या कायद्यास विरोध केला. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठविण्याची पद्धत बंद करण्याविषयीचा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली.

परंतु त्यांच्या अंतःकरणाच्या सर्वांत जवळचा विषय प्राथमिक शिक्षणाचा होता. १९११ च्या शिरगणतीत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहादेखील भरले नव्हते. त्या वर्षी १६ मार्च रोजी त्यांनी आपले बिल मांडले. त्यातील मागणी फार माफक होती. ज्या भागात पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तेथील नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने, सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचे करावे आणि खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती केली होती. एका देशी राजाला जे साधले ते बलाढ्य सरकारला का साधू नये, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारपक्षाने खर्चाची व लोक तयार नसल्याची सबब सांगितली. काही जमीनदारांना मजूर मिळेनासे होतील अशी धास्ती वाटली. मार्च १९१२ मध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी बिल फेटाळले गेले.

ज्याने आयुष्यभर शाळेत मुले मोजली त्याला हे आकडे वाचून अजूनही हळहळ वाटते. त्या वेळची सहा वर्षांची मुले पुढे निरक्षरच म्हातारी झाली आणि त्यांच्या अंगठ्यांचे ठसे आम्ही शाळेच्या दाखल्यांवर घेतले. तरी तो प्रश्न मेला नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला, १९५० च्या राज्यघटनेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम आले, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा तो कायदेशीर हक्क झाला. गोखल्यांनी मांडलेल्या बिलानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी!

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी जी शाळा मागितली ती आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नव्हती. आपली मुले तोपर्यंत शाळेत जाऊ लागलीच होती. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मिळणारी वागणूक ही आपल्या सर्वांची नामुष्की आहे असे त्यांनी सुनावले होते. तेव्हा त्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपण, जी मुले अजूनही शाळेबाहेर राहतात त्यांची चौकशी केली नाही, तर तो अभिमान पोकळ ठरेल.

मधुमेहाने शरीर पोखरलेले असताही त्यांनी विश्रांती घेतली नाही. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. आयुष्यभर ज्यांच्याशी त्यांचा मतभेद राहिला त्या लोकमान्य टिळकांनी स्मशानभूमीवर त्यांचा गौरव केला.

आज आपल्यास मत आहे, पूरक प्रश्न आहे, माहिती मागण्याचा कायदाही आहे. मंडळाच्या सभासद कुटुंबांस माझी एवढीच विनंती की, आपापल्या गावच्या वा प्रभागाच्या शाळेचा हिशेब वर्षातून एकदा तरी मागून पाहावा. मात्र मागण्यापूर्वी, नामदारांच्या रिवाजाप्रमाणे, आकडे नीट वाचून जावे.