कॉम्प्युटर पळवायचा असेल तर आधी थंड करावा लागतो, हे या माणसानं जगाला दाखवून दिलं

जालन्याचा मे महिना. पारा ४२ च्या पुढं. दुपारच्या वेळी जुना जालन्यात गांधी चमनच्या आसपास चिटपाखरूही दिसत नाही. अशा उन्हात घरी बसून एखादं पोरगं कॉम्प्युटरवर गेम लावतं आणि दहाच मिनिटांत आतले पंखे असे काही बोंबलायला लागतात की पिठाची गिरणी सुरू झाली की काय असं वाटावं. त्यानंतर गेम अडकतो. कारण साधं असतं. प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो.

मग ते पोरगं व्हिडीओ बघतं. काचेचा डबा, आत वळणावळणाच्या नळ्या आणि त्यातून फिरणारं रंगीत पाणी. वॉटर कूलिंग. आपणही असा पीसी बांधायचा, असं त्याच्या डोक्यात बसतं. घरचे मात्र कपाळाला हात लावतात. विजेच्या वस्तूत पाणी सोडायचं म्हणजे काय डोकं फिरलंय का?

खरं तर जालन्यात तरी या गोष्टीचं नवल वाटायला नको. इथल्या एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांमध्ये इंडक्शन फर्नेसवर भंगार वितळवून सळया तयार होतात. त्या भट्टीभोवती तांब्याची जाड कॉईल असते आणि ती आतून पोकळ असते. कॉईलमधून प्रचंड वीज जात असते आणि त्याच कॉईलच्या पोटातून पाणीही फिरत असतं. पाणी थांबलं तर लोखंडाच्या आधी कॉईलच जायची.

तांब्यानं उष्णता ओढायची आणि पाण्यानं ती वाहून न्यायची, एवढाच तो खेळ. कॉम्प्युटरच्या जगात हा खेळ सगळ्यात लांबवर नेणारा गडी म्हणजे सिमोर क्रे. सुपरकॉम्प्युटरचा बाप म्हणून जग त्याला ओळखतं. आपल्या पुण्यातल्या परम सुपरकॉम्प्युटरच्या गोष्टीतही त्याचं नाव येतंच.

तळघरात प्रयोग करणारं पोरगं

सिमोर क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या लहानशा गावातला. वडील सिव्हिल इंजिनियर. पोराला जोडाजोडीचा नाद आहे हे त्यांनी ओळखलं आणि घराचं तळघर त्याच्या हवाली केलं. दहा वर्षांचा असताना त्यानं खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि सुटे भाग जोडून एक यंत्र बनवलं. कागदाच्या पट्टीवर पाडलेली भोकं वाचून ते मोर्स कोडचे सिग्नल द्यायचं.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्या महायुद्धात त्याची भरती झाली. तिथं तो रेडिओ ऑपरेटर होता. आधी युरोपात आणि नंतर फिलिपिन्समध्ये. जपानी संदेशांची कोडी फोडणाऱ्या कामातही त्याचा हात होता. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात मास्टर्स केलं.

पहिली नोकरी लागली सेंट पॉल शहरातल्या इंजिनियरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगणारी पुस्तकं जवळपास नव्हतीच. काम करत करतच तो शिकला आणि थोड्याच वर्षांत तिथला जाणकार झाला. १९५७ मध्ये काही सहकाऱ्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन ही नवी कंपनी काढली, तेव्हा क्रेही तिकडं गेला.

कंपनीनं त्याला मोठा साहेब करायचं ठरवलं होतं. याला मात्र मीटिंग, फोन आणि अहवालांचा भयंकर कंटाळा. त्यानं अट घातली की लॅब आपल्या गावात हवी. १९६२ मध्ये चिपेवा फॉल्समध्ये त्याच्या घराजवळच लॅब उभी राहिली.

फ्रीजवाला इंजिनियर कामाला आला

आता मुद्द्याची गोष्ट. कॉम्प्युटर वेगवान करायचा म्हणजे काय करायचं?

वीज वेगानं धावते खरी, पण तिच्याही वेगाला मर्यादा आहे. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशसुद्धा फक्त ३० सेंटिमीटर जातो. तारेतला सिग्नल त्याहूनही कमी. म्हणजे मशीनचे भाग एकमेकांपासून लांब ठेवले तर अर्धा वेळ सिग्नलच्या प्रवासातच जाणार. क्रेचं उत्तर सोपं होतं. सगळे भाग जवळ आणा आणि तारा आखूड करा.

पण यात एक गोची होती. लग्नसराईतली एसटी डोळ्यांपुढं आणा. जितकी माणसं कोंबाल तितका उकाडा. ट्रान्झिस्टरचंही तसंच. दाटीवाटीनं बसवले की एकमेकांना तापवतात आणि तापले की चुका करतात किंवा मरतात. नुसत्या पंख्याच्या हवेनं ते आवरत नाही. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता धरून ठेवू शकतं. म्हणून हवेला जे जमत नाही ते द्रवाला जमतं.

सीडीसी ६६०० या मशीनमध्ये सुमारे ४ लाख ट्रान्झिस्टर बसवायचे होते. उष्णतेचं कोडं सोडवायला क्रेच्या टीममध्ये डीन राउश हा माणूस होता. तो आधी अमाना या फ्रीज बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. त्यानं घरातल्या फ्रीजची विद्या कॉम्प्युटरला लावली. मशीनच्या कपाटांमधून नळ्या फिरवल्या आणि त्यातून फ्रिऑन हा फ्रीजमधला गॅस खेळवला.

१९६४ मध्ये ६६०० बाजारात आला आणि जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर ठरला. सेकंदाला जास्तीत जास्त ३० लाख गणितं. आयबीएमसारखी अवाढव्य कंपनी मागं पडली. आयबीएमच्या प्रमुखानं तर आपल्या माणसांना पत्र लिहून विचारलं की ज्या लॅबमध्ये झाडूवाल्यासकट फक्त ३४ माणसं आहेत, तिनं आपल्याला मागं कसं टाकलं.

बाकासारखा दिसणारा कॉम्प्युटर

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पुढचं ८६०० हे मशीन क्रेनं आणखी दाट बांधायला घेतलं. ते इतकं गुंतागुंतीचं झालं आणि इतकं तापायला लागलं की धड चालेचना. कंपनीकडं पैसेही उरले नव्हते. १९७२ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली.

चार वर्षांनी, म्हणजे १९७६ मध्ये, पहिलं क्रे-१ मशीन लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचलं. वरून बघितलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार. भोवती गादी लावलेलं गोल बाक, जणू एखाद्या हॉटेलच्या लॉबीतलं. पण यातलं काहीच शोभेसाठी नव्हतं. सी आकारामुळं आतल्या बाजूच्या तारा आखूड राहायच्या. कुठलीच तार चार फुटांच्या वर नव्हती. बाकाच्या आत वीजपुरवठा आणि थंड करण्याची यंत्रणा लपवलेली होती.

वजन साडेपाच टन, वीज लागायची सुमारे ११५ किलोवॅट. म्हणजे घरातल्या शंभरावर इस्त्र्या एकाच वेळी लावल्यासारखं. ती सगळी उष्णता त्या बाकाएवढ्या जागेतून बाहेर काढायची होती. त्यासाठी सर्किट बोर्डांच्या मधोमध तांब्याची पत्री होती. ती उष्णता कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपर्यंत न्यायची. त्या पट्ट्यांच्या पोटात स्टेनलेस स्टीलची नळी आणि नळीत फ्रिऑन.

आणि इथंच क्रेला तोच त्रास झाला जो आज वॉटर कूल्ड पीसी बांधणाऱ्या प्रत्येकाला झोपू देत नाही. लीकेज! कॉम्प्रेसर चालावा म्हणून फ्रिऑनमध्ये वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. ते सांध्यांमधून झिरपायचं, बोर्डांवर साचायचं आणि शेवटी शॉर्ट सर्किट व्हायचं. करोडोंचं मशीन तेलाच्या थेंबापायी अडून बसलं. नळ्या जोडायची वेल्डिंगची नवी पद्धत शोधावी लागली आणि त्यात पहिल्या मशीनला सहा महिने उशीर झाला.

पण एकदा सुरू झालं आणि मग मागं वळून बघितलं नाही. कोलोरॅडोतल्या हवामान संशोधन केंद्रानं ८८ लाख डॉलर मोजून क्रे-१ घेतला. आपली अशी डझनभर मशीन खपली तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८० हून जास्त विकली गेली.

आख्खा कॉम्प्युटरच बुडवला

पुढचं मशीन आणखी दाट असणार होतं. आता नळ्याही पुरणार नव्हत्या. मग क्रेनं नळ्यांचा नादच सोडला आणि सगळे सर्किट बोर्ड द्रवात बुडवून टाकले.

तो द्रव म्हणजे फ्लोरिनर्ट. दिसायला पाण्यासारखा, पण त्यातून वीज वाहत नाही. त्यामुळं चालू सर्किट त्यात बुडवलं तरी काही होत नाही. पंप तो द्रव बोर्डांमधून फिरवायचा, पुढं थंड पाण्याच्या यंत्रणेत तो गार व्हायचा आणि परत यायचा. १९८५ मध्ये आलेल्या क्रे-२ ची झाकणं पारदर्शक होती, आतला द्रव हलताना दिसायचा. लोकांनी त्याला बबल्स असं लाडाचं नावही दिलं. काचेच्या डब्यातल्या ज्या रंगीत पाण्यावर आजची पोरं फिदा होतात, त्याचा हा आजोबा म्हणता येईल.

क्रे माणूस म्हणून जरा वेगळाच होता. १९८० मध्ये त्यानं आपल्याच कंपनीचं प्रमुखपद सोडलं आणि नुसतं मशीन बांधायचं काम ठेवलं. डोकं अडलं की तो घराखाली भुयार खणायला जायचा, असं त्याचे सहकारी सांगत. खणता खणता उत्तर सापडायचं आणि गडी परत कामाला लागायचा.

पुण्याशी संबंध कसा आला?

१९८० च्या दशकात भारतालाही सुपरकॉम्प्युटर हवा होता. मुख्य कारण मान्सून. पाऊस कधी येणार आणि किती पडणार यावर मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागातलं आख्खं वर्ष अवलंबून असतं. तो अंदाज काढायचा म्हणजे अब्जावधी गणितं.

भारतानं क्रे कंपनीचं एक्स-एमपी हे मशीन मागितलं. पण यावर अणुबॉम्बची गणितंही होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या सरकारनं आढेवेढे घेतले. शेवटी मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचं मशीन फक्त हवामानाच्या कामासाठी दिल्लीला मिळालं आणि तेही अटी घालून.

मग ठरलं की आपणच बांधायचं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा होती अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकर यांच्याकडं. मुदत ३ वर्षं आणि पैसे ३० कोटी. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

गंमत म्हणजे परमनं क्रेच्या उलटी वाट धरली. मोजकेच पण दणकट प्रोसेसर आणि त्यांना थंड करायचा जंगी बंदोबस्त, ही क्रेची पद्धत. परममध्ये छोटे छोटे प्रोसेसर शेकड्यानं जोडून त्यांच्यात काम वाटून दिलं. एका पैलवानाऐवजी आख्ख्या गावानं ओझं उचलायचं.

जगही त्याच वाटेनं निघालं होतं

क्रेचा या वाटेवर फारसा विश्वास नव्हता. १९८९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, नवी कंपनी काढली आणि सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइड वापरून क्रे-३ बांधायला घेतला. मशीन कमालीचं दाट होतं, तेही द्रवात बुडवलेलं. पण तोवर शीतयुद्ध संपलं होतं, सरकारी पैसा आटला होता आणि स्वस्त चिपा जोडून केलेली मशीन पुढं निघाली होती. क्रे-३ ला विकत घेणारं गिऱ्हाईक मिळालं नाही. मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

सत्तरीत माणूस थांबला असता. यानं १९९६ मध्ये पुन्हा नवी कंपनी काढली आणि आता प्रोसेसर समांतर जोडण्याच्या त्याच वाटेवर काम सुरू केलं, ज्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. पण २२ सप्टेंबर १९९६ ला हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला. ५ ऑक्टोबरला वयाच्या ७१ व्या वर्षी तो गेला.

त्यानं शिकवलेलं जालन्यात कसं कामाला येतं?

आज साधा मोबाईलसुद्धा क्रे-१ पेक्षा कैक पटीनं वेगवान आहे. पण उष्णतेचं भांडण मिटलेलं नाही. गेमिंगचं एक तगडं ग्राफिक्स कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत वीज खातं. एआयची मोठमोठी डेटा सेंटर आता पंखे सोडून परत पाण्याकडं आणि द्रवात बुडवण्याकडं वळतायत.

घरच्या वॉटर कूल्ड पीसीत भाग तेच असतात. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक, एक छोटा पंप, पाण्याची टाकी, नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर. नियमही तेच. सांधे आधी तपासायचे, म्हणजे बाकी पीसीची वीज बंद ठेवून नुसता पंप काही तास चालवायचा आणि खाली कागद अंथरून थेंब पडतो का ते बघायचं. नळाचं क्षाराचं पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर आणि त्यासोबतचं औषध घालायचं. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडायचा नाही, नाहीतर ॲल्युमिनियम गंजून आतून खाल्लं जातं. क्रेच्या मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या पोटात स्टीलची वेगळी नळी होती, हे इथं लक्षात ठेवण्यासारखं.

फरक एकच. क्रेकडं कॉम्प्रेसर होता, त्यामुळं तो मशीन बाहेरच्या हवेपेक्षाही गार ठेवू शकायचा. रेडिएटरला ते जमत नाही. जालन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर लूपमधलं पाणी कधीच ४० च्या खाली येणार नाही. म्हणून आधी खोलीचा उकाडा कमी करायचा आणि रेडिएटर जरा मोठाच घ्यायचा.

राहिला प्रश्न पाण्याचा. जालन्यानं टँकरच्या रांगा बघितल्यात, त्यामुळं ही शंका घरच्यांना येणारच. पण लूप बंद असतो. एकदा भरलेलं लिटरभर पाणीच वर्षभर गोल गोल फिरत राहतं.