रहीम खानखाना आणि बऱ्हाणपूरचे पाणी

विधी यथासांग केला की धर्म पूर्ण झाला, असे एक पक्ष मानतो. अंतःकरण शुद्ध असले की विधीची गरजच काय, असे दुसरा विचारतो. हा वाद हिंदूंत आहे तसाच मुसलमानांतही आहे. केवळ तर्काने त्याचा निकाल लावण्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य पाहणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते, आणि तो माणूस खानदेशास परका नाही. अब्दुर्रहीम खानखाना दोह्यांमुळे सर्वश्रुत आहे; परंतु त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे बऱ्हाणपुरात गेली. आज मध्यप्रदेशात असलेले ते शहर त्या काळी धुळे-जळगावच्या या मुलखाची राजधानी होते.

रहीमाचा जन्म 1556 साली लाहोरास झाला. त्याचा बाप बैरामखान हजला निघाला असता 1561 मध्ये गुजरातेत पाटण येथे मारला गेला. मुलगा अवघा चार वर्षांचा! पुढे अकबराने त्यास वाढविले. त्याने 1589 मध्ये बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणले, आणि 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेण्यात त्याचा हात होता.

बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याची नव्हे. ती फारूकी सुलतान राजा अलीखानाने बांधली. तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, हे आमच्याकडील किती जणांस ठाऊक असेल? अशा गावात रहीम सुभेदार म्हणून राहिला. नमाजापूर्वी वजू करावा लागतो आणि वजूस पाणी लागते. तापी उशाशी असली तरी वेढ्याच्या प्रसंगी शत्रू नदीचे पाणी नासवील, ही धास्ती होतीच. 1615 च्या सुमारास त्याच्या कारकिर्दीत सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून, केवळ उताराच्या बळावर, बोगद्यांनी शहरात आणले गेले. वर जागोजागी उजेडवाऱ्यासाठी कुंड्या ठेवल्या. ज्या पाण्याने वजू होई तेच हिंदूच्या रांजणात व विणकराच्या घरातही जाई. विधी आणि लोकोपयोग यांची सांगड याहून चांगली कोणती? रोजा किंवा एकादशी कडकडीत पाळून तराजूची दांडी झुकविणाऱ्या आमच्या पेठांतील सज्जनांनी त्या कुंड्या एकदा पाहून याव्यात. रावेरपासून बऱ्हाणपूर फार दूर नाही.

रहीम देताना नजर खाली ठेवीत असे, अशी आख्यायिका आहे. त्याच्या दोह्यांत राम आणि हरी येतात, म्हणून त्याने इस्लाम सोडला असे समजणे मात्र निराधार आहे. ईश्वरापुढे आपण कःपदार्थ आहोत ही जाणीव त्यास होती, आणि ती व्यक्त करण्यास त्याला परकी भाषा परकी वाटली नाही, इतकेच.

तो संत होता असे आम्ही म्हणणार नाही. तो मुत्सद्दी होता, महत्त्वाकांक्षी होता, आणि शाहजहानच्या बंडात त्याने दोन्ही दरडींवर पाय ठेवला. त्याची किंमतही त्याने मोजली. तत्पूर्वी 1619 मध्येच शाहनवाजखान व रहमानदाद हे दोन पुत्र गेले होते. शाहनवाजाची कबर बऱ्हाणपुरास उतावळीकाठी आहे. बंड फसल्यावर रहीम कैदेत पडला, आणि 1625 मध्ये दाराबखान या पुत्राचे शिर त्याच्याकडे टरबूज म्हणून झाकून पाठविण्यात आले. ते पाहून त्या वृद्धाने अश्रू ढाळले व हे हुतात्म्याचे फळ आहे एवढेच म्हटले, असे सांगतात. शिव्याशाप नाहीत, दैवास बोल नाही. पुढे जहांगीराने त्याची पदवी परत दिली, पण ती उपभोगण्यास घरात उरले कोण होते?

1627 मध्ये तो दिल्लीस वारला. पत्नी माहबानू हिच्यासाठी निजामुद्दीन औलियाच्या दर्ग्याजवळ त्याने जी कबर बांधली होती, तिच्यातच त्यास पुरले. तिचा संगमरवर पुढे अठराव्या शतकात सफदरजंगाच्या कबरीसाठी उपटून नेण्यात आला. बऱ्हाणपूरच्या काही कुंड्यांत पाणी अद्याप वाहते.